नाताळच्या आधीचे चार रविवार आणि आपल्या घरांतील नाताळ

बावखल

वसईत नाताळ उत्साहाने साजरा होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. अडचण उलट बाजूने आहे. नोव्हेंबर सरतो न सरतो तोच गॅलऱ्यांत चांदण्या लटकू लागतात, गृहसंकुलांत लाल टोप्या वाटल्या जातात, दुकानांतून सणाची गाणी वाजू लागतात, आणि प्रत्यक्ष २५ डिसेंबरला घर इतके दमलेले असते, की दुपारच्या जेवणानंतर सण आटोपला असे सर्वांनीच मनोमन धरलेले असते. उपासनेच्या दिनदर्शिकेप्रमाणे मात्र तो तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. त्यापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे आणि अंतःकरण तयार करण्याचे. सणाचा काळ त्यानंतर, थेट जानेवारीत येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. आपण वाट पाहण्याच्या दिवसांत मेजवान्या झोडतो आणि सणाच्या दिवसांत आवराआवर करतो.

आपापल्या घरात नाताळची कोणती रीत चालत आली आहे, ती कोणी चालू ठेवली, आणि तिचा श्रद्धेशी काही संबंध उरला आहे का, यावर मोकळेपणाने लिहावे यासाठी हा धागा काढते आहे. पाककृतींचे धागे वेगळे आहेत. येथे पदार्थ आले तरी ते कोणासाठी केले जात आणि केव्हा खाल्ले जात, याला महत्त्व द्यावे.

चर्चने स्वतः जुनी शिस्त सोडलेली नाही. आगमनकाळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, तिसऱ्या रविवारी तेवढी गुलाबी चालतात, आणि एरवी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, बहुधा म्हटले जाणारे गौरवगीत या चारही रविवारी म्हटले जात नाही. नाताळच्या रात्री ते घंटांच्या गजरात परत येते. चार आठवडे ते कानावर पडलेले नसते, म्हणूनच त्या रात्री अंगावर रोमांच उभे राहतात. घरातही असे काहीतरी रोखून धरलेले असावे, असे मला वाटते.

आमच्याकडे आगमनकाळ नाचणीवरून समजत असे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजी दोन मुठी नाचणी रात्रभर भिजत घाली, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवी, आणि मोड डोकावले की पत्र्याच्या जुन्या ट्रेमध्ये चाळलेल्या मातीवर ती पसरून वर गोणपाट घाली. ते गोणपाट उचलून पाहण्याची आम्हा मुलांना सक्त मनाई असे. पाणी ओतायचे नाही, बोटांनी शिंपडायचे, नाहीतर मुळे उघडी पडतात, हे ती दर वर्षी नव्याने सांगे. उजेडात आणल्यावर पांढुरकी पाती पाहता पाहता हिरवी होत आणि २४ तारखेपर्यंत गोठ्यापुढे मांडण्याजोगे दाट गवत तयार होई. बाजारात आता प्लास्टिकचे गवत गुंडाळीने मिळते आणि ते दिसायलाही बरे असते. पण ते उगवण्याची वाट पाहावी लागत नाही.

गोठ्यात मरिया, योसेफ, गाय आणि गाढव आधी येऊन बसत. गव्हाण मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी राही. ज्या मुलाने न सांगता एखादे काम केले असेल त्याने पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकावी, म्हणजे बाळ येशूला खाली टोचणार नाही, असा नियम होता. त्यात थोडा हिशेबीपणाही होता, कारण माझा धाकटा भाऊ अधिक काड्या टाकता याव्यात म्हणून झाडलेले अंगण पुन्हा झाडत असे. तरीही घरातील सर्वांत सजवलेल्या कोपऱ्यात मधोमध एक रिकामी जागा आहे आणि ती आपल्याला भरता येत नाही, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही धर्मशिक्षणाच्या वर्गाआधी समजली होती.

गोठ्याचा आरंभ ज्यांच्याशी जोडला जातो, त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी खरा चारा आणून, खरा बैल आणि खरे गाढव उभे करून नाताळची मिस्सा करविली होती. बेथलेहेममध्ये त्या बाळाची किती आबाळ झाली हे डोळ्यांनी दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. आमच्याकडील स्पर्धांतील फिरत्या चक्क्या, कारंजी आणि रंगीत दिव्यांच्या माळा पाहिल्या की मला हे आठवते. मुले त्यात रात्र रात्र राबतात हे मी जाणते, त्यामुळे फार बोलत नाही.

पूर्वी २४ डिसेंबरला उपवास असे आणि मांस वर्ज्य असे. १९६० च्या दशकात चर्चने उपवासाचे नियम सैल केल्यावर तो आमच्या घरातूनही गेला. कुलकुलांचे डबे मात्र मिस्सेहून परतल्यावाचून उघडले जात नसत. कुलकुले वळायला सगळे घर बसे: नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या किंवा कोऱ्या कंगव्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची, तिच्यावर रेघा उमटल्या की अलगद गुंडाळायची आणि ओल्या कापडाखाली सरकवायची. त्या वेळी जपमाळेची प्रार्थना चाले. हात पिठात असल्याने मणी ओढणारी फक्त आजी असे.

आता आमच्या घरी दोन लहान मुले आहेत. यातील काय ठेवावे आणि काय सोडून द्यावे, याचा मी खरोखर विचार करते आहे.

पाटावरवंटा

लेख आवडला, तरी एक गोष्ट नोंदवते. आपण वर्णन केलेला आगमनकाळ ज्यांच्या जिवावर चालला, त्यांच्या वाट्याला तो कधी आला, हे कोणी विचारले आहे का? माझी सासू २४ तारखेला उपाशीपोटी दिवसभर तळणीपुढे उभी राहत असे, रात्री मिस्सेत बसल्या जागी पेंगत असे, आणि सकाळी पुन्हा पाहुण्यांसाठी चुलीपुढे. तिला ध्यानाला किंवा प्रार्थनेला निवांत घटका मिळाली असेल, असे मला वाटत नाही. मी केक आणि गोडाचे बहुतेक जिन्नस बेकरीतून आणते आणि आगमनकाळातील सायंप्रार्थनेला बसते. नातेवाईक याला परंपरा मोडणे म्हणतात. मी परंपरेतील बाईचा वाटा तिला परत देते आहे, असे माझे मत आहे.

सावेडी

पाटावरवंटा ताई, आपला मुद्दा रास्त आहे आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्यालाही तो लागू पडतो.

आमचे कुटुंब अहिल्यानगरचे, म्हणजे जुन्या अहमदनगरचे, आणि प्रोटेस्टंट. आगमनकाळात मेणबत्त्या लावलेले हिरव्या पानांचे कडे आता आमच्याही मंडळीत वेदीजवळ ठेवले जाते आणि पुष्कळांना ती कॅथलिकांकडून आलेली रीत वाटते, पण प्रवास उलटा आहे. जर्मनीतील हॅम्बर्ग येथे योहान हिनरिख विखर्न नावाचे प्रोटेस्टंट पाळक निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत असत. नाताळला किती दिवस उरले, असे मुले रोज विचारीत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक लावण्यास सुरुवात केली. मुलांना वाट पाहायला शिकवण्याचीच ती युक्ती होती, त्यामुळे आपल्या विषयाला ती चपखल बसते.

नगरच्या नाताळाबद्दल मात्र मला वेगळे सांगायचे आहे. १८३१ मध्ये येथे स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट परंपरेतील होते. त्या प्रदेशावर प्यूरिटन विचारांचा जुना पगडा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होत असे, आणि तेथे हा दिवस सार्वजनिक सुटीचा ठरला तो थेट १८५६ मध्ये. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही तो सण पाळू नये, अशी ती विचारसरणी. यावरून माझा असा कयास आहे की आमच्या नाताळाचे रूप मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून आलेले नसावे. त्यातील बरेचसे येथील ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या अंगणात, आपल्या चालीरीतींतून घडवले असावे. आमच्या घरी नाताळात करंज्या, अनारसे, शंकरपाळे, चकल्या आणि बुंदीचे लाडू होतात. केक नंतर आला, आणि आजही ताटात तो एका कडेला असतो. दारात रांगोळी आणि वर चांदणी, हे दृश्य नगरकडच्या कोणालाही नवे वाटणार नाही.

गाण्यांचेही तसेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, भजन आणि कीर्तन ही रूपे मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवली. त्यामुळे नाताळच्या आठवड्यात रात्री घरोघर फिरणाऱ्या आमच्या मंडळीजवळ पेटी, तबला आणि झांजा असत. इंग्रजी चालींची गाणीही होत, पण म्हातारी माणसे खाटेवरून उठून बसत ती भजनाला. प्रत्येक घरी एक गाणे, एक लहानशी प्रार्थना आणि चहा असा क्रम असे. ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तेथे आधी जायचे, हा वडिलांचा दंडक होता, आणि गावातील मोठ्या घरांना त्यामुळे ताटकळावे लागले तरी तो कधी बदलला नाही.

२५ तारखेची उपासना आटोपून घरी आल्यावर फराळाला हात लावण्यापूर्वी वडील लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचत. कैसर औगुस्ताच्या नावनिशीच्या हुकमापासून मेंढपाळ देवाचे गौरव करीत परत जाईपर्यंतचा भाग त्यांना पाठ होता, तरी पुस्तक उघडे ठेवूनच वाचायचे. पुढे दृष्टी गेली तेव्हाही त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवायचे सोडले नाही. बावखल ताई, आपल्याला मुलांसाठी एकच रीत निवडायची असेल, तर मी ही सुचवेन. तिला खर्च नाही, तळण नाही, आणि पाटावरवंटा ताईंची तक्रारही तिला लागू होत नाही.

निरांजन

मी ख्रिस्ती नाही. ठाण्यातील ज्या चाळीत वाढलो तेथे दिवाळीत आमच्याकडून फराळाचे ताट शेजारच्या ख्रिस्ती घरी जाई आणि नाताळात तेच ताट भरून परत येई. रिकामे ताट परत करायचे नाही हा दोन्ही घरांचा नियम असल्यामुळे ते एकच ताट वर्षानुवर्षे कोणाचे आहे हे कोणालाच सांगता येत नसे.

माझा प्रश्न अर्थाविषयीचा आहे. जन्माष्टमीलाही मध्यरात्री जन्म होतो, पाळणा हलतो, बाळासाठी लोणी ठेवले जाते. तेथेही राजा क्रूर आहे आणि बाळाला रातोरात दूर न्यावे लागते. मग नाताळ म्हणजे एका अवताराचा जन्मोत्सव असे समजणे बरोबर होईल का? की ख्रिस्ती मनाला त्यात काही वेगळे दिसते?

जुनाट

मध्यरात्रीचा प्रश्न निघालाच आहे तर तारखेचे सांगून टाकतो. शुभवर्तमानांत जन्माचा दिवस किंवा महिना दिलेला नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख रोममधील ३५४ सालच्या एका संकलित दिनदर्शिकेत आहे आणि त्यातील नोंद ३३६ सालची मानली जाते. ही तारीख का निवडली, याबद्दल दोन मते आहेत. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये प्रतिष्ठा दिलेल्या अजिंक्य सूर्याच्या उपासनेशी तिचा संबंध काही जण जोडतात. येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली या जुन्या समजुतीत नऊ महिने मिळवून ती आली, असे दुसरे म्हणतात. आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च आजही जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र ६ जानेवारीला पाळते, तर जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरणाऱ्या रशियन चर्चचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो.

गोठ्यातील बैल आणि गाढवही लूकच्या वृत्तान्तात नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष, तीनच होते असेही मत्तय कुठे लिहीत नाही, देणग्या तीन म्हणून माणसे तीन धरली गेली. यामुळे कोणाची श्रद्धा कमी व्हावी असे मुळीच नाही. घरात जे मांडतो त्यातील पुष्कळसे पिढ्यांनी प्रेमाने भरलेले आहे, एवढे ठाऊक असलेले बरे.

सावेडी

निरांजन, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाला तो टाळता येत नाही, कारण भोवतालची भाषाच अवताराची आहे.

साम्य जितके दिसते तितके ते खरे आहे: देव दूर बसून राहत नाही, तो माणसांत येतो, ही ओढ दोन्हीकडे आहे. फरक दोन ठिकाणी जाणवतो. गीतेतील वचनाप्रमाणे अवतार युगायुगांत पुन्हा पुन्हा होतो आणि साधूंचे रक्षण व दुष्टांचा नाश हे त्याचे कार्य असते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाच्या पुत्राने देह धारण केला तो एकदाच आणि कायमचा. तो देह दिखाऊ नव्हता, त्याला भूक लागली, थकवा आला आणि शेवटी मरणही आले. ४५१ मध्ये खाल्सेदोन येथील चर्चच्या धर्मपरिषदेने येशू पूर्णपणे देव आणि पूर्णपणे मनुष्य आहे, असे जे शब्दांत बांधले, त्याचे मूळ नाताळच्या रात्रीत आहे. दुसरा फरक असा, की हे बाळ दुष्टांचा नाश करण्यासाठी हाती शस्त्र घेत नाही. हेरोदाच्या हुकमाने बेथलेहेममधील बालके मारली जातात, मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन मिसर देशात पळतात, आणि हेरोद आपल्या मरणाने मरतो. चर्च त्या बालकांचा स्मरणदिन २८ डिसेंबरला पाळते, म्हणजे आपल्याकडे फराळाचे डबे अजून भरलेले असतात त्याच आठवड्यात. नाताळात दुःखाला जागा आहे आणि ती आपण पाळत नाही, ही माझी जुनी खंत आहे.

म्हणून माझ्यासाठी नाताळचा गाभा देवाचे सामर्थ्य नसून त्याचे असहाय होणे हा आहे. ज्याला दुसऱ्याने उचलून घ्यावे लागते, पाजावे लागते, गुंडाळावे लागते, अशा रूपात तो आपल्या हाती येतो. यावर विश्वास ठेवणे सोपे नाही, आणि सोपे असल्यासारखा आपण तो सण करतो.

बावखल

सावेडी यांनी लिहिलेल्यात एक भर घालते. हा प्रश्न मराठीत चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची सारी कथा मराठी ओवीत रचली आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातीलच राशोल येथे छापून झाले. स्वर्गासाठी वैकुंठ असा शब्द त्यांनी बिनदिक्कत वापरला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराणाच्या श्रवणाची सवय होती आणि ती तुटल्याची हळहळ होती, हे त्यांनी ओळखले. नाताळच्या रात्री घरात बसून ओव्या ऐकाव्यात, ही कल्पना आपल्याला आज नवी वाटेल, पण ती आपल्या केकपेक्षा कितीतरी जुनी आहे.

पाटावरवंटा ताई, आपल्या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नाही, एवढेच सांगू शकते की आमच्याकडे कुलकुले वळायला आता पुरुषही बसतात आणि तळणीपुढे माझे यजमान असतात. प्रमाण निम्म्यावर आणले आहे. नातेवाइकांनी आमच्याही घरी नाके मुरडली.

मांडवीकाठ

निरांजन यांनी ज्या ताटाविषयी लिहिले, ते गोव्यात म्हणजे सणाचा कणाच. नाताळच्या आदल्या दिवसापासून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, बोलिन्यास, कुलकुलां असे जिन्नस ताटलीत रचून, वर विणलेला रुमाल घालून, शेजारीपाजारी पाठवले जातात. हिंदू शेजाऱ्यांकडे ते आवर्जून जाते आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांच्याकडून नेवऱ्या येतात. दोदोल करणे म्हणजे परीक्षाच असते. नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि काळा गूळ तासन् तास घोटत राहावे लागते, कडेने तेल सुटेपर्यंत हात थांबवता येत नाही, त्यामुळे तो कोणीही एकट्याने करीत नसे. वाड्यावरच्या बायका पाळीपाळीने घोटत. पाटावरवंटा यांनी म्हटले ते खरे असले तरी त्या पाळ्यांत गप्पा, रुसवे आणि समेट होत, तेही जमेस धरावे.

माझ्या मते या ताटाचा सर्वांत अर्थपूर्ण नियम वेगळाच आहे. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल त्या घरी गोडधोड केले जात नाही. त्यामुळे शेजारी त्यांच्याकडे आपले पाठवतात, परतीची अपेक्षा न ठेवता. सण करता येत नाही अशा घरात सण शेजारच्या हातून पोचतो. आगमनकाळाविषयी इतके लिहिले गेले आहे, तर मला वाटते की त्या चार आठवड्यांत आपल्या वाड्यावर अशी घरे कोणती आहेत याची आठवण काढणे, ही तयारी केकपेक्षा आधीची आहे.

सण लवकर संपतो या तक्रारीवर आमच्याकडे एक उतारा आहे. ६ जानेवारीला राजांचे फेस्त असते. कांसावली, आरोशी आणि कुएली या गावांतून निवडलेले तीन मुलगे राजांच्या वेशात टेकडीवरील चर्चकडे जातात आणि सारा गाव लोटतो. त्यामुळे निदान त्या भागात तरी तोवर कोणी चांदणी उतरवत नाही.

वाळवंटी

आखातात नोकरी करणाऱ्या वसईकराचा अनुभव लिहितो. येथे २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. माझी पाळी रात्रीची असल्यास मिस्सेला जाणेही जमत नाही. चर्चच्या आवारात मल्याळम, कोकणी, तमिळ, तागालोग, अरबी अशा भाषांतून पाठोपाठ मिस्सा होतात आणि माणसे अंगणात उभी असतात, कारण आत जागा नसते. उतारशाळेत जागा नव्हती, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या अंगणात ते पहिल्यांदा माझ्याविषयीचे वाटले.

घरी असताना मला मेंढपाळ म्हणजे गोठ्यातील कडेच्या मूर्ती वाटत. लूकने मात्र स्पष्ट लिहिले आहे की ते रानात राहून रात्री आपले कळप राखत होते, म्हणजे पाळीवर होते. राजवाड्यात किंवा मंदिरात न जाता ती वार्ता कामावर जागणाऱ्या माणसांकडे आधी गेली. आमच्या खोलीतील चौघे जण, त्यात दोघे हिंदू, २४ ला कामावरून आल्यावर एक मेणबत्ती लावतो, मी तो भाग मराठीत वाचतो, आणि मग प्रत्येक जण घरी फोन करतो. सावेडी यांनी सुचवलेली रीत खोलीतही चालते, हे सांगण्यासाठी लिहिले.

जुनाट

मध्यरात्रीच्या मिस्सेविषयी कोणी लिहिले नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. उघड्यावर मिस्सा होते त्या पुष्कळ ठिकाणी तिची वेळ त्यामुळे अलीकडे आली. वृद्धांची सोय झाली, हे खरे. पण झोपेतून उठवलेल्या मुलांना लोकरी टोपडे चढवून अंधारातून नेणे आणि परत येताना साऱ्या गावाने एकमेकांना शुभेच्छा देणे, यातील जे काही होते ते दहाच्या आत बसत नाही.

निरांजन

सर्व उत्तरांबद्दल मनापासून आभार. सावेडी यांचा असहायतेचा मुद्दा माझ्या मनात राहील. मांडवीकाठ यांचा प्रतिसाद वाचून एक व्यावहारिक शंका आली. चाळीतील त्याच शेजारघरातील काकू यंदा पावसाळ्यात वारल्या. काका आणि त्यांचा मुलगा दोघेच आहेत. या दिवाळीत आमच्याकडून ताट गेले नाही, कारण आईला ते बरे दिसेल की नाही, हे कळेना. नाताळात काही पाठवावे का? पाठवावे तर काय, आणि शुभेच्छा द्याव्यात की देऊ नयेत?

मांडवीकाठ

अवश्य पाठवावे. शोक असलेल्या घरी गोड करीत नाहीत, पण आलेले नाकारत नाहीत. सजवलेला, वर साखरेची फुले असलेला केक मात्र नको. साधे काहीतरी द्यावे. आपल्या आईच्या हातच्या करंज्या उत्तम.

सावेडी

शुभेच्छांऐवजी काकूंची आठवण काढावी, तेवढे पुरते. सकाळी जाऊ नये. पहिल्या नाताळाला अशा घरची माणसे उपासनेनंतर बहुधा कबरस्तानात जातात आणि परतल्यावर काही वेळ त्यांना एकटे राहावेसे वाटते. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, जेव्हा इतरांची वर्दळ ओसरलेली असते, तेव्हा जावे आणि आईंना बरोबर न्यावे. ताट लगेच परत मिळावे म्हणून थांबू नये.

बावखल

आणि निरांजन, त्या ताटात यंदा दिवाळीचे राहिलेले पाठवतो आहोत असे आईंनी काकांना सांगितले तरी चालेल. त्यांना ते समजेल.